ओवीतील शब्दक्रम आणि अन्वय



साती ग्रंथांपैकी एखादी पोथी उपदेशी मनुष्य नव्याने वाचू लागतो, तेव्हा त्याची पहिली तक्रार अर्थाविषयी नसते, क्रमाविषयी असते. कर्ता शेवटी, क्रियापद आरंभी, विशेषण विशेष्यापासून दूर जाऊन बसलेले. मग तो अन्वय लावतो, आणि गद्य अर्थ कळला की ओवी मिटून ठेवतो. हानी होते ती येथे.

मराठीत शब्द जागा सोडू शकतात, कारण त्यांचे नाते विभक्ती सांभाळते. 'कृष्णाने रुक्मिणीचे पत्र वाचले' आणि 'वाचिले पत्र रुक्मिणीचे कृष्णे' यांत वाचणारा बदलत नाही. ('पाणी लोखंड गंजविते' येथे दोन्ही शब्दांचे रूप सारखेच राहते, अशा जागी तारतम्याचाच आधार.) वाचणारा न बदलला तरी ऐकणाऱ्याची अवस्था बदलते. पहिल्या वाक्यात त्याला वार्ता मिळते. दुसऱ्यात वाचन घडल्याचे आधी कळते, पत्र कोणाचे ते मागाहून, आणि ज्याच्यासाठी सारी कथा, ते नाम सर्वांत शेवटी कानी पडते. तोवर चित्त त्या नामाकडे लागलेले असते. अन्वय लावताच नाम आरंभी येते आणि ते लागलेपण नाहीसे होते.

यमकासाठी शब्द ओढले, असे म्हणणारे आहेत. ग्रांथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. तेव्हा क्वचित ओढाताण होते, हे नाकारण्याचे कारण नाही.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना वारिले, असे स्मृतिस्थळ सांगते. मग म्हातारीला न उमजणारा क्रम आचार्यांच्या मार्गात कसा शोभावा?

परंतु तो क्रम म्हातारीचाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजलेली असता, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. अशा घडीला 'आमचे घर पडले' असे व्याकरणाच्या ओळीने कोण बोलतो? 'पडलं घर! गेली लेकरं!' अशीच वाणी फुटते. जे मनाला आधी लागले, ते तोंडी आधी येते. हे कोणा पंडिताने शिकविलेले नाही. ओव्या म्हणणाऱ्या, धवळे गाणाऱ्या बायकांच्या तोंडी हीच मोकळीक असते. आणि महदाइसेने धवळे रचिले ते श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी. क्रम अवघड वाटतो तो शाळेच्या पुस्तकातून आलेल्यास.

सूत्रपाठाची गोष्ट मात्र निराळी. तेथील वचने स्वामींच्या श्रीमुखीची. निरूपणापुरता अन्वय सांगावा, पण पाठात शब्द इकडचा तिकडे करण्याचा अधिकार कोणासही नाही.

काव्यग्रंथांपुरते इतके करावे. ओवी प्रथम मोठ्याने म्हणावी, मग अन्वय लावावा, आणि अन्वय बाजूस ठेवून तीच ओवी पुन्हा म्हणावी. ही तिसरी खेप बहुतेकजण गाळतात. घरात वडीलधारी बाई असेल तर तिला शेजारी बसवावे. तिला अन्वयाची गरज किती कमी लागते, ते पाहावे.