कादंबरीतील अवतरण आणि ऑनलाइन शब्दकोश

शब्दाच्या अर्थाला आधार म्हणून मूळ ग्रंथातील जे वाक्य शब्दकोशात दिले जाते त्याला अवतरण म्हणतात, आणि ते नोंदीची शोभा नसून पुरावा असल्यामुळे ते कोठून, कोणत्या काळातून व कोणाच्या तोंडून आले हे सांगणे कोशकाराचे कर्तव्य ठरते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने १८८४ मधील पहिल्या भागापासून अवतरणे कालक्रमाने मांडली, तर मराठीत य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आदींच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (सात विभाग, १९३२ ते १९३८) अर्थाला ग्रंथाधार देण्याचा मोठा प्रयत्न केला.

ज्ञानेश्वरीतील आधार दाखवताना अध्याय आणि ओवी यांचे क्रमांक पुरतात, कारण आवृत्ती बदलली तरी हे क्रमांक बहुतांशी टिकतात. कादंबरीच्या गद्याला असा स्थिर क्रमांक नसतो आणि पृष्ठांक प्रत्येक आवृत्तीत बदलतो, म्हणून प्रकरणाचा क्रमांक आधी देऊन पृष्ठांक आवृत्तीच्या उल्लेखासह नंतर द्यावा. व्हिक्टोरियाच्या काळातील इंग्रजी कादंबऱ्या पुष्कळदा तीन खंडांत निघत आणि काहींत प्रत्येक खंडात प्रकरणे पुन्हा एकपासून मोजली जात, त्यामुळे तेथे खंडाचा क्रमांकही आवश्यक असतो.

याच काळात मराठी कादंबरी जन्मली. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आणि रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये आली, तर ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊन नंतर पुस्तकरूप झाली. अशा ग्रंथातील शब्दापुढे पुनर्मुद्रणाचे वर्ष लिहिले तर तो शब्द अर्ध्या शतकाने तरुण ठरतो. म्हणून प्रथम प्रसिद्धीचे वर्ष आधी आणि प्रत्यक्ष वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष वेगळे द्यावे.

लेखनपद्धतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार, म्हणजे उच्चारात न उरलेल्या टिंबाचा वापर, रद्द केला, आणि नंतरच्या अनेक पुनर्मुद्रणांत जुने ‘नाहीं’ ‘नाही’ झाले. संगणक मात्र ही दोन रूपे भिन्न मानतो. म्हणून अवतरणात मूळ रूप अबाधित ठेवावे आणि शोधासाठी आजचे रूप पडद्यामागे जोडावे; वाचकाच्या सोयीसाठी पुराव्यात दुरुस्ती करू नये. वगळलेला मजकूर तीन टिंबांनी दाखवावा आणि नोंदीचा शब्द ठळक करावा, पण ठळकपणा मूळचा नाही हे कोशाने एकदा स्पष्ट करावे.

‘पण लक्षात कोण घेतो’ची कथा नायिका यमूच्या आत्मकथनातून उलगडत असल्यामुळे तिच्यातील शब्द घरातील स्त्रीच्या बोलीचे म्हणून योजलेले आहेत; बोलणाऱ्याची ओळख अवतरणाबरोबर दिली नाही, तर हा सामाजिक संदर्भ पुसला जातो.

छापील कोश कागद वाचवण्यासाठी ग्रंथनामांचे संक्षेप करीत आणि त्यांची यादी वेगळी देत. ऑनलाइन वाचक मात्र शोधातून थेट नोंदीवर येतो आणि ती यादी पाहतही नाही. शिवाय मनमाडसारख्या गावात बसून मोबाइलवर कोश पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘मोचनगड’ची १८७१ ची प्रत सहज मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी अवतरणाची नोंद हाच मूळ ग्रंथापर्यंतचा मार्ग असतो. जागेची अडचण संपलेली असताना तो मार्ग अर्धवट ठेवण्यास कोणतेही कारण उरत नाही. मराठी ऑनलाइन कोश घडवणाऱ्यांनी अवतरणांची संख्या वाढवण्याआधी प्रत्येक अवतरण तपासता येईल असे मांडावे.