न लिहिलेला नकार

नेटवर्क स्विचवर अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट लिहिताना एक ओळ आपण लिहीत नाही, तरी ती असते. सिस्कोच्या स्विचवर नियम वरून खाली तपासले जातात. पॅकेट ज्या नियमात पहिल्यांदा बसेल तो लागू होतो, तपासणी तिथेच संपते. कुठेच बसलं नाही, तर शेवटी अदृश्य नियम उभा असतोच : बाकी सगळ्यांना मनाई.

यामागे विचार आहे. साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ साली संगणक-सुरक्षेची तत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं, की कुणाला अडवायचं यापेक्षा कुणाला सोडायचं ते ठरवावं. मग चूक झाली तरी हक्काचा माणूस बाहेर राहील, तो तक्रार करेल आणि चूक लगेच कळेल.

'तो तक्रार करेल' हे मी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

एका ऑफिसात मी हजेरीची मशिन्स नव्या व्हीलॅनवर नेली. चार मशिन्सना परवानगी लिहिली, मागच्या दाराचं पाचवं राहिलं. तिथून कंत्राटी सफाई कामगार येत. मशीन बीप करत होतं, नोंद आत साठत होती, सर्व्हरपर्यंत पोचत नव्हती. तीन दिवसांचा पगार कापला गेला. त्यांनी ठेकेदाराला सांगितलं, तो 'बघतो' म्हणाला. मला कळलं ते पगारानंतर, एका मावशींनी जिन्यात गाठून विचारलं तेव्हा : "दादा, अंगठा तर रोज लावला की. मग गैरहजर कशी?"

पैसे पुढच्या महिन्यात मिळाले. पण मॅनेजरचं मशीन राहिलं असतं, तर मला दहा मिनिटांत फोन आला असता. ज्याचा आवाज पोचतो, त्याच्यापुरतंच ते तत्त्व सुरक्षित आहे.

मी त्यांना नाकारलं नव्हतं. मला त्यांची आठवणच झाली नव्हती. आत न येऊ शकणाऱ्याला या दोहोंत काही फरक नसतो. 'माझा हेतू नव्हता' हे खरं असलं, तरी पगार त्यांचाच कापला गेला.

म्हणून सगळं उघडं ठेवावं, असं मी म्हणणार नाही. दार बंदच असावं. पण आता मी शेवटची ओळ स्वतः लिहितो : 'डिनाय आयपी एनी एनी लॉग'. पॅकेट तसंच अडतं, फक्त कोण अडलं याची नोंद राहते. त्या नोंदींचा भार स्विचच्या प्रोसेसरवर पडतो आणि त्या वाचायला माझा वेळ जातो. नकार द्यायचा, तर एवढी किंमत नकार देणाऱ्याने मोजायला हवी.