पेढे वाटून झाल्यावर

माणसाने आपलं दुखणं लपवलं तर ते खोटं बोलणं होतं की नाही, याचा निवाडा मला कुठल्याही धर्मग्रंथात सापडलेला नाही. याचा अर्थ मी धर्मग्रंथ वाचलेत असा नव्हे. मी बी.कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात खोटं बोलणं हा विषय 'ऑडिटिंग' या नावाखाली येतो, आणि तिथेही फक्त पैशाबद्दलचं खोटं धरतात. आईने मुलाशी बोललेलं खोटं कुठल्या खात्यावर टाकायचं हे त्यात नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. एके सकाळी तिला अंबाडा घालता येईना. हात खांद्याच्या वर जाईनात. मग मांड्या धरल्या, मान धरली. सकाळी अंथरुणातून उठायला तास लागे आणि दुपारी तीच बाई बऱ्यापैकी हिंडे. त्यामुळे सकाळी तिला पाहणारा म्हणे, "दवाखान्यात न्या," आणि दुपारी पाहणारा म्हणे, "काही नाही हो, मनाचं असतं!" आमच्या नगरात (सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) डॉक्टर पुष्कळ आहेत, पण त्याहून जास्त शेजारी आहेत. कुणी वात म्हणाला, कुणी निर्गुडीचं तेल आणून दिलं. आमच्या हेड कॅशियरने युरिक ॲसिड असं ठाम निदान केलं. हा माणूस नोटसुद्धा उजेडात धरल्याशिवाय खरी मानत नाही.

शेवटी पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तातला ईएसआर चौऱ्याऐंशी निघाला आणि दुखण्याला नाव मिळालं : पॉलिमायाल्जिया रुमॅटिका. पन्नाशीच्या पुढे होणारा, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होणारा आजार. १८८८ साली ब्रूस नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराने याचं वर्णन केलं होतं, पण हे लांबलचक नाव मिळायला १९५७ साल उजाडलं. कारण अजून नक्की कुणाला ठाऊक नाही. आईने ते नाव एकदाच ऐकलं आणि 'पोळीमाया' करून टाकलं. "नावात माया आहे मेलीच्या," ती म्हणाली, "पण अंगाला लागत नाही."

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिलं, रोज पंधरा मिलिग्रॅम. स्टेरॉइड म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर आई परातीपुढे बसलेली, आणि डोक्यावर अंबाडा! १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं, आणि काही दिवसांतच ती उठून बाजारात फिरून आली. १९५० साली त्यांना नोबेल मिळालं. मी नोबेल समितीवर असतो तर भाकरीचा आवाज ऐकूनच दिलं असतं.

पण हे आरोग्य कर्जाऊ असतं. व्याज म्हणून साखर वाढते, हाडं विरळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, चेहरा गरगरीत होतो. (गल्लीतल्या बायका "तब्येत सुधारली हो!" म्हणत त्या हा.) बरं, कर्ज एकदम फेडून मोकळं व्हावं तर तेही नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. हेच रसायन त्या घरच्या घरी बनवतात. बाहेरून गोळी येऊ लागली की त्या हात आखडता घेतात. डेप्युटेशनवर माणूस आला की आमचा मूळ क्लार्क जसा चहाला जातो, तसंच. गोळी अचानक थांबवली तर खुर्चीवर दोघंही नाहीत! म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. दहाच्या खाली तर अगदी मुंगीच्या पावलांनी. आमच्याकडे पाच मिलिग्रॅमची गोळी होती. आई तिचे भाकरीसारखे तुकडे करी : अर्धी, मग चतकोर. चतकोर म्हणजे सव्वा मिलिग्रॅम. "सव्वा शुभ असतो," ती म्हणे. दीड वर्षाने तो सव्वाही संपला. संकष्टीला माळीवाड्यातल्या विशाल गणपतीला पेढे ठेवले, गल्लीत वाटले, एक पुडा माझ्या शाखेतही गेला. हेड कॅशियरने चार खाल्ले.

त्यानंतरचे अडतीस दिवस मी विसरू शकत नाही. त्या दिवसांत घरात वावगं असं काहीच घडलं नाही, म्हणूनच.

कपडे दोरीऐवजी खुर्च्यांच्या पाठीवर वाळू लागले. आई म्हणाली, खुर्चीवर लवकर वाळतात. अंबाड्याची वेणी झाली, ती खांद्यावरून पुढे घेऊन घातलेली. आई म्हणाली, उकडतं. मग ती आंघोळीला अकरा वाजता जाऊ लागली. आई म्हणाली, सकाळी गारठा असतो. महिना मे होता. मे महिन्यात नगरमध्ये गारठा फक्त एटीएमच्या केबिनमध्ये असतो. तरीही मी, पाय बुटात घालता घालता, रोज विचारत होतो, "आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

या 'ना'कडे जरा पाहा. बँकेत आम्ही ग्राहकाला छापील फॉर्म देतो. मजकूर आमचा, त्याने फुलीवर फक्त सही करायची. माझा 'ना' तसाच होता. उत्तर मी आधीच भरून देत होतो आणि आई मुकाट सही करत होती.

उलगडा केला तो आमच्या सौ.ने. एका सकाळी ती आईसमोर उभी राहिली आणि फौजदारासारखी म्हणाली, "आई, हात वर करा पाहू."

हात छातीपर्यंत आले आणि थांबले. "एवढे पुरेत की," आई म्हणाली, "वर काय काढायचंय?"

मी चिडलो. माणूस अपराधी असला की आधी चिडतो. "सांगितलं का नाहीस?" आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, पेढे वाटलेत. आता कुणाकुणाला जाऊन सांगू? आणि तू किती खूश होतास."

आईचं माहेर सोनईचं. शनिशिंगणापूर तिथून जवळच. तिथल्या घरांना परंपरेने दारं-कुलपं नाहीत. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची, त्याची आमच्या धंद्यात बरीच चर्चा झाली होती. त्या मुलखातली ही बाई, आणि अडतीस दिवस तोंडाला कुलूप. पण मी रात्रभर विचार केला तो वेगळाच. खुर्चीवरचं पहिलं लुगडं मी दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. पाहिलं आणि पेपर उघडला. रजा शिल्लक नव्हती, पुण्याची खेप नको होती, आणि माझेही पेढे वाटून झाले होते. आई खोटं बोलली ती माझ्यासाठी. मी ते खरं मानलं ते कुणासाठी? खात्यात पैसे नाहीत हे ठाऊक असताना चेक पुढे सरकवला तर माझी नोकरी जाईल. घरात कुणी साधा मेमोही देत नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आधी वेगळेच प्रश्न विचारले. कानशिलं दुखतात का? वेणी घालताना डोक्याची कातडी हुळहुळते का? घास चावताना जबडा भरून येतो का? दिसायला अंधूक, दोन-दोन? यातलं काही नव्हतं. याच दुखण्याचं एक भावंड कानशिलाच्या रक्तवाहिनीला धरतं आणि डोळा अचानक कायमचा नेऊ शकतं, तेव्हा असं काही झालं तर त्याच दिवशी यायचं, लपवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. बाकी दुखणं परतणं नेहमीचंच, म्हणाले. तुमची चूक नाही, गोळीची नाही, गणपतीचीही नाही. ईएसआर बावन्न आला. दहा मिलिग्रॅम पुन्हा सुरू, आणि उतरण या वेळी आणखी सावकाश.

आई उठता उठता म्हणाली, "डॉक्टर, मग चालते ती मी, का ही गोळी?"

"आजी, तुम्ही चष्मा लावून पेपर वाचता, तेव्हा वाचतं कोण? तुम्ही की चष्मा?"

"चष्म्याने हाडं ठिसूळ होत नाहीत," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घालून कॅल्शियम लिहून दिलं.

आता मी 'ना' सोडला आहे. सकाळी विचारतो, "आज कुठपर्यंत?" स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. आई त्याच्यासमोर उभी राहून हात वर नेते. कधी खालच्या ओळीतल्या तारखांपर्यंत पोचतो, कधी महिन्याच्या नावापर्यंत. एका रविवारी खिळ्याला लागला, तेव्हा मी पेढ्यांचं नावही काढलं नाही.

परवा शेजारच्या काकू दारातून विचारत होत्या, "गोळी सुटली ना हो तुमची?"

"बरी आहे," आई म्हणाली. काकू गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला खरं सांगेन. त्यांना कशाला? त्यांनी दोनदा पेढे नेलेत."