सिरसाळ्याचे शिवार आणि साक्षीचा प्रश्न

परळीहून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सिरसाळा ज्याने ऐन भाद्रपदात पाहिले आहे, त्याला तेथल्या शिवाराचा वर्ण विचारला, तर काळ्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कापसाचा, सोयाबीनचा आणि तुरीचा हिरवा, असे तो बेधडक सांगेल. पण तेच शिवार उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमेत, त्या शास्त्राच्या रूढ पद्धतीने पडद्यावर मांडलेले पाहावे, तर पिके लालभडक, माजलगावच्या जलाशयाचे पाणी काळे आणि नांगरून ठेवलेली रिकामी राने निळसर करडी दिसतात. या दोहोंपैकी खरे कोणते, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटला तरी आपल्याकडच्या दर्शनकारांनी ज्यावर आयुष्ये वेचली त्या प्रश्नाचेच ते एक अर्वाचीन रूप आहे.

युरोपीय अवकाश संस्थेने 2015 साली सोडलेला सेंटिनेल-2 हा उपग्रह 786 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची जी प्रतिमा घेतो, ती एक नसून तेरा असतात. प्रकाशाच्या तेरा निरनिराळ्या पट्ट्यांची, ज्यांना जाणकार बँड किंवा चॅनेल म्हणतात, तेरा निरनिराळी मोजमापे. यांतील कोणत्याही एका चॅनेलला स्वतःचा रंग नसतो. प्रत्येक पिक्सेलपुढे एक आकडा लिहिलेला असतो, एवढेच. काही चॅनेलांत हा पिक्सेल 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ बरोबर एक गुंठा भरतो. त्यामुळे एकराच्या वावराचे वर्णन सुमारे चाळीस आकड्यांत उरकते, ही गोष्ट सातबाऱ्याशी जन्माची गाठ असलेल्या माणसाला विशेष गमतीची वाटावी. आता पडद्यापाशी दिवे तीनच, लाल, हिरवा आणि निळा, कारण माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे प्रकारही तीनच. म्हणून क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेल्या माणसाला तेरांतून तीन निवडून त्यांना हे दिवे वाटून द्यावे लागतात. रूढ वाटणीत लाल दिवा मिळतो तो अवरक्ताच्या अलीकडच्या पट्टीला. पानातले हरितद्रव्य लाल किरण स्वतःच्या अन्नासाठी गिळून टाकते, परंतु ही अवरक्त पट्टी पानाची अंतर्रचना मोठ्या प्रमाणात परत फेकते, आणि ती ग्रहण करणारे इंद्रिय आपल्याला नाही. कापसाचे पान अवरक्ताने उजळलेले असते हे सत्यच आहे. त्या सत्याला लाल हा वेष मात्र आपण दिलेला आहे.

येथून अंबाजोगाई दूर नाही, आणि मराठीचे आद्यकवी म्हणून परंपरेने मानलेल्या, शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी तेथे आहे. तेव्हा एखाद्या भाविक विद्वानाने असे म्हणावे की, पाहा, रंग हा अध्यास ठरला, रूप ही उपाधी ठरली, विज्ञान अखेर अद्वैताच्या उंबरठ्याशी येऊन उभे राहिले, तर ते स्वाभाविकच होय. मला हा आनंद घाईचा वाटतो. रंगांची वाटणी बदलली म्हणून त्या गुंठ्याचा आकडा बदलत नाही. आणि सॉफ्टवेअरमधले प्रतिमेचे सर्व थर एकामागून एक बंद केले असता जो कोरा पडदा उरतो, त्याला ‘नेति नेति’चे पर्यवसान समजणे तर निव्वळ भाबडेपणा, कारण कोरा पडदा हेही एक दृश्यच आहे आणि द्रष्टा त्या थरांच्या यादीतला शेवटचा थर नव्हे. उपमाच हवी असेल तर जैनांचा नयवाद अधिक जवळचा: अमुक दृष्टीने वस्तू अशी, तमुक दृष्टीने तशी, आणि कोणतीही एक दृष्टी सर्वस्वी मिथ्या नाही, मात्र ती कोणती हे बोलणाऱ्याने सांगितले पाहिजे.

ही अट दिसते तितकी सोपी नाही. आकड्यांचा पल्ला सहस्रांचा आणि पडद्याच्या एकेका दिव्याच्या पायऱ्या 256, म्हणून कोणता आकडा काळोखाचा आणि कोणता पूर्ण उजेडाचा हे कोणीतरी ठरवावेच लागते. पाहणाऱ्याने न ठरविल्यास सॉफ्टवेअर आपण होऊन खालचे व वरचे दोन-दोन टक्के आकडे टोकांना ढकलून उरलेले मध्ये पसरते. त्यातही, हा हिशेब पडद्यावर त्या क्षणी दिसणाऱ्या टापूपुरताच करावा अशी सोय आहे, आणि ती स्वीकारली की माजलगावच्या लाभक्षेत्रातला ऊस चौकटीत असताना सिरसाळ्याचा कोरडवाहू कापूस निस्तेज दिसतो, तर चौकट बालाघाटाच्या उघड्या माळाकडे सरकविताच तोच कापूस तरारून उठल्यासारखा भासतो. शिवारात एक पानही हललेले नसते. शेजार बदलला, एवढेच घडलेले असते!

विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त नाटकदीप नावाचे एक प्रकरण आहे. रंगशाळेतला दिवा यजमानाला, सभाजनांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो, आणि ती सर्व मंडळी उठून गेली तरी तसाच तेवत राहतो. साक्षी चैतन्य ते असे. आपण संगणकापुढे बसून प्रतिमा पाहतो तेव्हा आपल्याला वाटते की आपणही साक्षीच आहोत, केवळ पाहत आहोत. वस्तुतः कोणावर किती उजेड पडावा हे आपण ठरवीत असतो, आणि जो हे ठरवितो तो साक्षी नसून कर्ता होय. ज्या अर्थी तो कर्ता, त्या अर्थी कर्मफलाचा प्रश्न त्याला चुकत नाही. यावर कोणी म्हणेल की शास्त्रज्ञ डोळ्यांवर विसंबत नाहीत, ते अवरक्त आणि लाल यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून, उणे एक ते अधिक एक यांमध्ये बसणारा वनस्पती-निर्देशांक काढतात, आणि त्यावर पडद्याच्या उजेडाचा परिणाम होत नाही. आक्षेप रास्त आहे. पण कितव्या दशांशाखाली पीक सुकले म्हणावे ती रेघ पुन्हा माणसानेच ओढायची असते.

बीड जिल्ह्यात ही चर्चा केवळ शास्त्रार्थाची राहत नाही. पूर्वीची आणेवारी, आताची पैसेवारी, हिची नजर, सुधारित आणि अंतिम अशी तीन रूपे महसुली दप्तरात अजून चालू आहेत, आणि पन्नास पैशांच्या आत-बाहेर गावाचे भवितव्य हेलकावते. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेने पर्जन्यमान, जमिनीतील ओल आणि जलसाठे यांच्या जोडीला उपग्रहाचे निर्देशांकही पुराव्यात घेतले, आणि त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन पडताळणी करावी असे बंधन घातले. बंधन योग्यच आहे, कारण बांधावर उभा राहणारा तलाठी हाही एक चॅनेलच, आणि पंचनाम्याखाली सही करून आपले कर्तृत्व कबूल करणारा. माझे म्हणणे इतकेच की उपग्रहाची प्रतिमा जेव्हा कोणत्याही सरकारी कागदाला जोडली जाईल, तेव्हा ती कोणत्या तारखेची, कोणती तीन चॅनेले कोणत्या रंगाला दिली, कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत उजेड पसरला, आणि हे कोणी केले, याचा तपशील तिच्याखाली पंचांच्या नावांइतक्याच स्पष्ट अक्षरांत लिहिलेला असावा.