कर्त्यावाचून कर्म

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आपल्या शरीरातील पेशीस ही यादी लावून पाहिली, तर चार कारणे सहज हाती लागतात. कर्त्यापाशी मात्र अडखळावे लागते.

पेशीत तयार झालेला पुष्कळसा माल पटलाच्या इवल्या पुटिकांत भरून ठिकठिकाणी पोचवावा लागतो. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या मज्जापेशीचा तंतू मीटरभर लांब असतो. तेथे पुटिका नुसती तरंगत निघाली तर माणसाचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून पेशीच्या सांगाड्यातील सूक्ष्मनलिका रुळांसारख्या अंथरलेल्या असतात. नलिकेची जाडी अवघी २५ नॅनोमीटर. तिच्यावरून कायनेसिन हे प्रथिन ओझे घेऊन ८ नॅनोमीटरची एकेक ढांग टाकीत बहुधा बाहेरच्या दिशेस चालते. १९८५ साली वेल, रीस व शीट्झ यांना ते सापडले. डायनीन हे दुसरे प्रथिन आतल्या दिशेस ओढते. छत्तीसगडच्या रानांत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन नावाचे विष असते. ते या नलिका जुळूच देत नाही. हमाल धडधाकट, पण रस्ताच नाही. म्हणजे अधिष्ठान गेले की करण व्यर्थ.

पुष्कळदा एकाच ओझ्यास दोन्ही प्रथिने जुंपलेली असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले की, एकटे डायनीन कायनेसिनपुढे दुबळे असले, तरी अनेक डायनीन भार वाटून घेऊन मोठा जोर लावतात. पेशीने गिळलेला जंतू आत, नाशाच्या जागी, पोचतो तो या ओढाताणीतूनच. निकाल लागतो, पण तो देणारा कोणी आढळत नाही.

रायपूरच्या आमच्या बैठकीत एका तरुण विद्यार्थ्याने यावरून प्रश्न टाकला : मग दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याने तरी काय केले? त्याच्या आतही एक रस्सीखेच झाली, इतकेच! प्रश्न चलाख होता, आणि अशा चलाखीची मला थोडी धास्तीच वाटते. मला वाटते, येथे पायरी चुकते. डायनीनला दूषण देऊन त्याची ओढ बदलत नाही. माणसाला मात्र दूषण ऐकू येते, ते टोचते, आणि उद्याच्या ओढाताणीत ते टोचणेही एका बाजूला जुंपले जाते. ज्याला जाब विचारता येतो आणि जो जाब देऊ शकतो, तोच कर्ता. त्याला रेणूंत शोधण्याचे कारण नाही.

परंतु याची दुसरी बाजू अधिक बोचते. स्पास्टिन हे प्रथिन सूक्ष्मनलिका जागोजागी तोडून त्यांची मांडणी राखते. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या घराण्यांत पाय हळूहळू ताठर होत जातात. अशा माणसाला शेजारी कधी आळशी म्हणतात, कधी पूर्वजन्मीचे पाप काढतात. येथे कर्ता नाहीच, आणि तरी आपण तो हट्टाने उभा करतो. मारकुट्या नवऱ्याला जे सहज माफ होते, ते या पांगळ्याला होत नाही. दोहोंच्या मध्ये, ज्याचे व्यसन आता रोगच झाले आहे, असाही एक माणूस उभा असतो. त्याला किती जाब विचारावा, याचे उत्तर त्या विद्यार्थ्याला अजून मी देऊ शकलेलो नाही.