सोपं कुणाला?

टीव्हीवरचा 'करोडपती' सोप्याकडून अवघडाकडे चढतो. नागपुरातल्या कॉलेजांसाठी मी क्विझ घेतो, त्यातली माझी आवडती फेरी बरोबर उलटी. उत्तर एकच, इशारे चार, पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा सोपा. पहिल्यावर ओळखलं तर 40 गुण, चौथ्यावर 10.

एक नमुना बघा. पहिला इशारा: आर्किटेक्ट शेओ दान मल. दुसरा: 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन. तिसरा: आतून पोकळ असलेला भव्य स्तूप. चौथा: 14 ऑक्टोबर 1956 रोजी इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली.

दीक्षाभूमी. चौथ्या इशाऱ्यावर तर नागपूरचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच तो चौथा.

पण क्रम लावताना मी ठरवतो काय? जे कमी लोकांना माहीत ते मोलाचं, जे सगळ्यांना माहीत ते स्वस्त. दर दसऱ्याला जनरलच्या डब्यात उभ्याने प्रवास करून इथे येणाऱ्या बाईला आर्किटेक्टचं नाव कदाचित ठाऊक नसेल. बावीस प्रतिज्ञा मात्र पाठ असतील, आणि त्या घेतल्यावर घरातले कोणते देव हलले, हेही. माझ्या हिशेबात तिचे 10 गुण. गाइड पाठ केलेल्या पोराचे 40.

यावर कुणी म्हणेल, भाऊ, खेळ आहे, चढउतार ठेवावाच लागतो. खरं आहे. दुर्मीळ माहिती मिळवायला कष्ट पडतात, त्याचे गुण द्यायला माझी हरकत नाही. शिवाय ही फेरी मनाने मोठी आहे: करोडपतीत चुकलेला बाहेर जातो, इथे थांबलेल्यासाठी दार आणखी उघडतं. मला खुपतं ते वेगळंच. त्या गुणांना आपण ज्ञान म्हणतो, आणि तोच तराजू स्पर्धा परीक्षेपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे नेतो. तिथे हा खेळ आहे, असं कुणी म्हणत नाही.

क्रम उलटा करून चालणार नाही. पहिल्याच इशाऱ्याला फेरी संपेल. पण आहे त्या क्रमात तयारीचा संघ दुसऱ्या इशाऱ्यालाच बझर दाबतो, टाळ्या पडतात, मी पुढचं कार्ड उचलतो. 14 ऑक्टोबर 1956 कागदावरच राहतो. आता बझर कितीही लवकर वाजो, उरलेले इशारेही मी मोठ्याने वाचतो. वेळ जातो, आयोजक घड्याळ दाखवतात.