मरणाची आगाऊ वार्ता

तर्कशास्त्राच्या वर्गांत 'सर्व मनुष्यें मर्त्य आहेत' हें विधान मीं इतक्या वर्षांत किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल याची गणती नाहीं. तें वाचून एकाहि विद्यार्थ्याचा चेहरा उतरलेला मला आठवत नाहीं. आणि लिहितांना माझाहि हात कधीं अडखळला नाहीं. मनुष्यमात्राच्या मरणाचें ज्ञान हें असें निरुपद्रवी असतें. जगांतलें सर्वांत मोठें आश्चर्य कोणतें, या यक्षाच्या प्रश्नाला युधिष्ठिरानें हेंच उत्तर दिलें, कीं रोज माणसें यमाघरीं जात असतां मागें राहिलेलीं मात्र आपण कायमचींच राहणार अशा समजुतीनें वागतात. धर्मराजाचें उत्तर यक्षाला पटलें. मला तें अर्धेंच पटतें. सत्तरी उलटलेला शेतकरी बांधावर आंब्याची कोय पुरतो, तेव्हां तो मरण विसरलेला असतो, कीं त्याला तें पुरतेंपणीं आठवत असतें? त्या झाडाचें फळ आपल्या तोंडीं लागणार नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक असतें. विसरणें आणि आठवणें यांमधली रेघ वाटते तितकी सरळ नाहीं.

म्हणूनच, मरणाच्या स्मरणानें माणूस सुधारतो या ठराविक उपदेशाविषयीं मी थोडा साशंक आहें. ख्रिस्तपूर्व ४३० सालीं अथेन्स नगरांत सांथ उसळली, तिचें वर्णन थ्युसिडिडीझ या इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. उद्यांची शाश्वती गेल्याबरोबर पुष्कळांनीं कायद्याची आणि देवाची दोन्ही भीड सोडली व हातचें सुख ओरबाडून घेतलें. पुण्यास १८९७ सालीं प्लेग होता तेव्हां लोक घरेंदारें टाकून पळाले. आणि त्याच सालीं, मूळच्या सातारा जिल्ह्यांतल्या नायगांवच्या सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें १० मार्च रोजीं गेल्या. मरण समोर उभें राहिलें म्हणजे तें कांहीं नवें शिकवीत नाहीं. अगोदर मनांत जें मुरलेलें असेल तेवढेंच तें घाईनें बाहेर काढतें. २०२० आणि २०२१ सालीं हें आपण आपापल्या आळींत पाहिलें आहे.

तारळी नदी कृष्णेला मिळते त्या उंब्रज गांवीं समर्थ रामदासांनीं स्थापिलेला मारुति आहे. प्रसिद्ध अकरा मारुतींपैकीं तो एक. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकांत मृत्युनिरूपणाचा एक स्वतंत्र समास आहे, आणि त्यांत कोणाचीहि सुटका नाहीं. असें लिहिणाऱ्यानें घळींत डोळे मिटून बसावें अशी आपली अपेक्षा. पण या पुरुषानें चाफळ, मसूर, शहापूर, उंब्रज अशा गांवोगांवीं मूर्ति उभ्या केल्या, आणि त्याहि बळाच्या दैवताच्या! सगळेंच जाणारें, तर ही खटपट कोणासाठीं? समर्थांना यांत विसंगति वाटली नसावी. आंब्याची कोय पुरणाऱ्या म्हाताऱ्यालाहि ती वाटत नाहीं.

समर्थांच्या पाठीशीं परलोकाचा विश्वास होता, असें कोणी म्हणेल. ज्याला तो नाहीं त्याचें काय? त्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. उंब्रजवरून कृष्णा कऱ्हाडास जाते आणि कऱ्हाडच्या खालीं टेंभू लागतें. तेथें १८५६ सालीं गोपाळ गणेश आगरकर जन्मले. दम्यानें त्यांना लौकरच धरलें. परलोक किंवा पुनर्जन्म त्यांनीं मानला नाहीं; तेव्हां या जन्मीं अर्धवट राहिलेलें काम पुढच्या जन्मीं पुरें करण्याची सोय त्यांना नव्हती. १८८३ सालीं त्यांनीं शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणला. मरणाच्या विचारानें ज्याचे हात बांधले गेले त्या राजपुत्राची ही कथा; भाषांतरकाराचे हात मात्र मोकळेच राहिले. १८८८ सालीं 'सुधारक' निघाला, १८९२ सालीं फर्ग्युसन कॉलेजचें मुख्याध्यापकपद आलें, आणि दरम्यान विरोधकांनीं त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्राहि काढून दाखविली. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं एकोणचाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते गेले. आपल्या दहनाच्या खर्चाचे पैसे त्यांनीं पुडींत बांधून उशाशीं ठेवले होते, अशी आठवण सांगतात. ती पुडी मला त्यांच्या कित्येक अग्रलेखांहून बोलकी वाटते.

संसारी वाचक येथें विचारील, कीं बायकामुलांसाठीं काय ठेवलें? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर समाधानकारक नाहीं. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची वाट त्यांनीं जाणूनबुजून सोडली होती, तिची किंमत घरानें भरली. आपण मध्यमवर्गीय माणसें मरणाची दखल विम्याच्या हप्त्यांतून घेतों, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. फक्त हप्ता भरला कीं विषय संपला, असें आपण धरून चालतों.

जोतीराव फुल्यांचें मूळ घराणें कटगुणचें, म्हणजे याच जिल्ह्यांतलें. १८८८ सालीं अर्धांगवायूनें त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढला. १८९० सालीं ते गेले, आणि पुस्तक छापून निघालें तें १८९१ सालीं. आगरकर व जोतीराव या दोघांना एक गोष्ट मिळाली होती, जी आज सुशिक्षित घरांतल्या रोग्याला बहुधा मिळत नाहीं. आपली अवस्था काय आहे हें त्यांना ठाऊक होतें.

आजची रीत निराळी आहे. तपासणीचे कागद येतात. मुलगा डॉक्टरांना डोळ्यांनीं खुणावतो, दोघे बाहेर जातात, आणि 'बाबांना कळतां कामा नये' असें ठरतें. बाबांना तें सून डोळे पुसून खोलींत येते तेव्हांच कळतें. पण मुलांना वाईट वाटूं नये म्हणून तेहि न कळल्याचें सोंग घेतात. असें हें नाटक शेवटपर्यंत चालतें. धसक्याची भीति अगदींच खोटी नसते. खचलेल्या माणसाला वार्ता कशी व केव्हां सांगावी याला तारतम्य लागतें. ज्याला ऐकावयाचें नाहीं त्याच्या कानांत ती ओतणें हा निव्वळ आडदांडपणा होय. परंतु त्याला ऐकावयाचें आहे कीं नाहीं, हें तरी आपण कोठें विचारतों? बहुतेक वेळां भीति आपली असते आणि नांव त्याचें असतें. जन्मभर ज्याच्या सहीशिवाय घरांतलें पान हाललें नाहीं, त्याच्या उरलेल्या दिवसांचा हिशेब आपण परस्पर ठेवूं लागतों. आणि ते दिवस तर सर्वस्वीं त्याचे असतात.

मग दहाव्या दिवशीं नदीवर पिंड ठेवावा, आणि कावळा शिवत नाहीं म्हणून सर्वांनीं कासावीस व्हावें. 'धाकटीचें लग्न करून देऊं', 'देणें फेडूं', असें एकेकजण पुढें होऊन सांगूं लागतो. आगरकरांना या विधीचें हसूं आलें असतें. मला तो करुण वाटतो. जिवंतपणीं ज्याला एक साधा प्रश्न विचारला नाहीं, त्याच्या मनांतलें आपण पांखराच्या चोंचींत शोधीत असतों.

उंब्रजच्या बाजूचे एक शेतकरी गृहस्थ माझ्या माहितीचे होते. धाकट्या भावाशीं बांधावरून त्यांचा पंचवीस वर्षें अबोला. दुखणें बळावल्यावर 'धाकट्याला एकदां बोलावणें धाडा' असें त्यांनीं मुलांना दोन वेळां सांगितलें. मुलगे गुणी, वडिलांच्या जिवाला त्रास नको म्हणून 'बरें वाटलें म्हणजे आपणच जाऊं त्यांच्याकडे' असें म्हणत राहिले. भाऊ आला तो दहाव्याला. दुपार टळली तरी कावळा शिवेना. सगळ्यांचें सांगून झाल्यावर तो पाण्याशीं गेला आणि म्हणाला, 'दादा, बांध तुझा.' त्यानंतर कावळा शिवला, असें मुलगे सांगतात.